हिशेब ज्याचा त्याचा

मार्च २०२५ मध्ये नागपुरात संचारबंदी लागली होती. १७ मार्चला खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा या मागणीसाठी तिथे आंदोलन झाले. प्रतीकात्मक कबर जाळण्यात आली. तिच्यावरच्या चादरीवर पवित्र आयती होत्या अशी अफवा उठली. संध्याकाळी महाल आणि हंसापुरी भागात जमाव रस्त्यावर उतरला, दगडफेक झाली, गाड्या पेटल्या. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. जखमींपैकी एकाने २२ तारखेला रुग्णालयात प्राण सोडला. हे सारे रमजानमध्ये घडले, रोजा सोडण्याच्या वेळेच्या आसपास घडले. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचे भांडण, आणि त्यात जळाली ती आज हप्ते फेडणाऱ्या माणसाची मोटारसायकल.

अशी घटना घडली की आपल्याकडे दोन मते लगेच तयार असतात. स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या डब्यात ती ऐकू येतात. पहिले मत असे : धर्म हाच सगळ्या भांडणाचे मूळ आहे, तो नसता तर माणसे सुखाने नांदली असती. दुसरे मत असे : दोष धर्माचा नाही, दोष या निधर्मीपणाचा आहे. माणसाच्या मनातली देवाची भीती गेली, राज्यकर्त्यांनी धर्मनिरपेक्षतेच्या नावाखाली एकाचे लाड आणि दुसऱ्याचा राग असा खेळ केला, म्हणून हे दिवस आले. पहिले मत बहुधा शिकलेल्या तरुणांचे असते. दुसरे मत हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत सारख्याच जोमाने मांडले जाते, फक्त 'लाड' कुणाचे याबद्दल मतभेद असतो.

त्या वर्षी रविवारी पाडवा आला आणि सोमवारी ईद. सण असे पाठोपाठ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते आणि आपण सारे 'यंदा काही होऊ नये' असे म्हणतो. अशा वेळी हा प्रश्न नीट तपासून पाहणे बरे. तोही लांब न जाता, आपल्या कृष्णाकाठच्या मुलखात काय काय घडले ते समोर ठेवून.

मिरज २००९

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत, अफझलखान वधाचे चित्र असलेल्या एका कमानीवरून मिरजेत दंगल पेटली. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, मंडळांनी विसर्जन थांबवले. लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. पुढच्याच महिन्यात, १३ ऑक्टोबरला, विधानसभेची निवडणूक होती आणि तिच्या प्रचारातून ही दंगल वजा करता आली नाही.

वरवर पाहता हे धर्माचेच भांडण. पण ज्या प्रसंगाचे चित्र होते तो प्रसंग पाहा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी खानाला मारले ते विजापूरचा सेनापती म्हणून. त्या दिवशी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. खानाच्या बाजूने वकील म्हणून आलेला कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. मावळातले खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले होते आणि कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले होते. खान मेल्यावर त्याचे दफन गडाच्या पायथ्याशी रीतीप्रमाणे झाले. पुढे महाराजांनी आपल्या मिरजेच्या किल्ल्यालाही वेढा दिला, कारण तो आदिलशाहीचा किल्ला होता. म्हणजे महाराजांनी हिशेब ज्याचा त्याच्याशी चुकता केला. खानाचा हिशेब खानाशी संपला. साडेतीनशे वर्षांनी तो पुन्हा उघडला गेला. एका बाजूने खानाची बाकी शेजारच्या गल्लीतल्या मुसलमानाच्या नावावर मांडली. दुसऱ्या बाजूनेही काही तरुण खान जणू आपला आजोबा असल्यासारखे ती बाकी अंगावर घेऊन धावले, आणि एका चित्राचा राग ज्यांनी ते काढले नव्हते, लावले नव्हते, त्यांच्यावर काढला.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा होता, तरी हे झाले. उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, तरी झाले. दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत आणि त्यांच्या स्मृतीला गाणारे सर्व जातिधर्मांचे असतात, तरी झाले. शिकलगारांच्या हातची तंबोरी देशभरच्या देवघरांत आणि मैफलींत वाजते, तरी झाले. 'आमच्याकडे असे होत नाही, आमची साझी संस्कृती आहे' हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. ती संस्कृती खरी आहे. पण ती आपोआप दगड थांबवत नाही, हे २००९ ने शिकवले. तेव्हा कारण आणखी खोल शोधले पाहिजे.

धर्म नसलेली आग

आता पहिल्या मताची परीक्षा घेऊ. धर्म बाजूला काढला की हिंसा थांबते का? ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी पुण्याचा, चित्पावन ब्राह्मण. त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात शेकडो ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. खेड्यापाड्यांतली कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी शहरांकडे निघाली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी त्याच दिवसांवर आहे.

यात दोन धर्म नव्हते. जाळणारेही हिंदू, ज्यांची घरे जळाली तेही हिंदू. नाव मात्र अशा माणसाचे, ज्याने आयुष्यभर अहिंसा सांगितली. जाळणाऱ्यांतल्या अनेकांना गांधींच्या मृत्यूचे खरे दुःख होते, हेही नाकारता येत नाही. पण त्या दुःखात जातीचा साठलेला राग मिसळला, कुळ आणि सावकारीची जुनी देणीघेणी मिसळली. ज्या खेड्यातल्या भटजीला दिल्लीचा रस्ता माहीत नव्हता, त्याच्या वाड्याने दिल्लीतल्या खुनाची किंमत मोजली.

हेच १९८४ मध्ये दिल्लीत झाले. इंदिरा गांधींना त्यांच्या दोन अंगरक्षकांनी मारले आणि सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. जमाव पुढे नेणाऱ्यांत धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या पक्षाचे पुढारी होते. त्यांतले माजी खासदार सज्जन कुमार यांना एका बापलेकाच्या खुनाबद्दल दिल्लीच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २५ फेब्रुवारी २०२५ ला. चाळीस वर्षांनी.

जगाकडे पाहिले तर चित्र आणखी गडद होते. कंबोडियात १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूजच्या राजवटीने पंधरा ते वीस लाख माणसे संपवली. ती राजवट कोणताच धर्म मानत नव्हती. तिने भिक्खूंची चीवरे उतरवली आणि चाम मुसलमानांची वस्तीच्या वस्ती कापली. स्टालिनच्या रशियात १९३७ साली 'देशद्रोही' ठरवलेल्यांच्या बायकांना छावण्यांत धाडण्याचा आदेशच निघाला होता. नवऱ्याचा गुन्हा, सिद्ध झालेला वा न झालेला, बायकोच्या नावावर. तेव्हा देव नाकारला की माणूस दयाळू होतो, हे खरे नाही.

देवाची भीती असलेली आग

पण म्हणून दुसरे मत खरे ठरते का? देवाचे नाव घेतल्याने हात थांबतो का? मुसलमान म्हणून याचे उत्तर आधी माझ्या घरातून द्यायला हवे.

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या, नऊशे माणसे गेली, त्यांत मुसलमान जास्त होते. त्याचा 'बदला' म्हणून १२ मार्च १९९३ ला बॉम्ब फुटले आणि २५७ जीव गेले. तो शुक्रवार होता आणि रमजान सुरू होता. शेअर बाजारासमोर, पासपोर्ट कार्यालयाजवळ, सेंच्युरी बाजारच्या रस्त्यावर जी माणसे मेली त्यांतल्या कुणी कुणाचे घर जाळले होते? हे बॉम्ब ठेवणाऱ्यांना विचारायचे नव्हते. त्यांना हिशेब 'त्यांच्याशी' चुकवायचा होता, आणि 'ते' म्हणजे समोर येईल तो.

३ जुलै २०१६, बगदादचा कर्रादा भाग. रमजानचे शेवटचे दिवस, ईदच्या खरेदीची गर्दी. इसिसच्या स्फोटाने तीनशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक मुसलमान. मारणाऱ्याच्या तोंडी अल्लाहचे नाव, मरणाऱ्याच्या तोंडीही तेच. धर्माने माणसाला थांबवले पाहिजे हे खरे, पण धर्म आपोआप थांबवत नाही. उलट एक गोष्ट धर्माला निधर्मी विचारापेक्षा सोपी जाते. दगड उचलणाऱ्याला तो सांगू शकतो की हे तू स्वतःसाठी करत नाहीस, पवित्र कामासाठी करतोस. मग त्याला रात्री झोप लागते. हा आरोप धार्मिक माणसाने हसण्यावारी नेऊ नये. तो खरा आहे.

साताऱ्याकडे पाहू. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमाव चालून गेला. कारण मोबाइलवरची आक्षेपार्ह पोस्ट. पोस्ट कुणा एकाच्या खात्यावरची, मार बसला मशिदीत असलेल्यांना आणि एका तरुणाचा जीव गेला. १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरची अतिक्रमणे काढा म्हणून आंदोलन झाले आणि मोडतोड झाली ती गडाच्या वाटेवरच्या गजापुरात, घरांची आणि मशिदीची. गडावरच्या अतिक्रमणाशी त्या घरांचा संबंध नव्हता. मराठीत याला नेमकी म्हण आहे : चोर सोडून संन्याशाला फाशी.

खरा समान धागा

मिरज, १९४८ चा सातारा-सांगली मुलूख, दिल्ली, मुंबई, पुसेसावळी, गजापूर, नागपूर. काही ठिकाणी धर्म आहे, काही ठिकाणी जात आहे, काही ठिकाणी फक्त राजकारण आहे. पण एक गोष्ट प्रत्येक ठिकाणी आहे. एकाने केले आणि भरले दुसऱ्याने. जमावाच्या हिंसेचा अर्थ इतकाच आहे : हिशेब चुकीच्या माणसाकडून वसूल करणे.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना काही शब्द हातात घोळतात. 'हिशेब' हा अरबीतून आलेला. 'अफवा' हाही अरबीतला, मुळात त्याचा अर्थ 'तोंडे'. एक जीभ बोलली तर तिला नाव असते, अनेक तोंडे बोलली की नाव राहत नाही. 'जुलूम' या शब्दाचा जुन्या अरबी कोशकारांनी दिलेला अर्थ मला फार नेमका वाटतो : एखादी गोष्ट तिच्या जागी न ठेवता भलत्याच जागी ठेवणे. शिक्षा गुन्हेगाराच्या जागी असेल तर न्याय, शेजाऱ्याच्या जागी असेल तर जुलूम. हे सारे शब्द आपण रोज मराठीत वापरतो. त्यांचे अर्थ मात्र दंगलीच्या दिवशी विसरतो.

रमजान हा आम्हा मुसलमानांचा हिशेबाचा महिना. कुणाच्याही कर्माचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही, हे तत्त्व कुराणात एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. कयामतच्या दिवशी बाप मुलाच्या आणि मुलगा बापाच्या कामी येणार नाही, ही शिकवण लहानपणापासून कानावर असते. रोजा असताना कुणी भांडायला आला, शिवी दिली, तर उलट शिवी न देता 'मी रोजेदार आहे' एवढेच सांगावे, असे पैगंबरांनी शिकवले आहे. म्हणजे समोरच्याने केलेले त्याच्या खात्यावर, मी करीन ते माझ्या. नागपुरात ज्या मुलांनी चादरीची अफवा ऐकून दगड उचलला, त्यांनी दिवसभर उपाशी राहून रोजा ठेवला असेलही, पण हा धडा घेतला नाही. भलत्या पोलिसाचे डोके फोडून कोणत्या आयतीचा मान राहिला?

हिंदू घरात ही गोष्ट वाल्या कोळ्याच्या रूपाने आहे. वाटसरूंना मारून तो घर पोसत होता आणि पापाचे खडे रांजणात टाकत होता. नारदाने विचारले, ज्यांच्यासाठी हे करतोस ते पापात वाटा घेतील का? तो घरी विचारायला गेला. बायकोने, मुलांनी नाही म्हटले. तुझे पाप तुझे. त्या 'नाही'मुळे वाल्याचा वाल्मीकी झाला. कुराणाने तत्त्वात सांगितले ते मराठी आजीने गोष्टीत सांगितले.

आणि धर्मनिरपेक्ष राज्याचा कायदा? तोही हेच म्हणतो. फौजदारी खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस उभा असतो, जमात नाही. ज्याने केले त्याचे नाव, त्याने केले याचा पुरावा, त्यालाच शिक्षा. म्हणजे धर्माचा गाभा आणि धर्मनिरपेक्षतेचा गाभा या एका मुद्द्यावर जवळजवळ शब्दशः एक आहेत. भांडण धर्म विरुद्ध धर्मनिरपेक्षता हे नाहीच. एका बाजूला ज्याचा हिशेब त्याच्याशी मांडणारे धार्मिक आणि निधर्मी दोघे आहेत, दुसऱ्या बाजूला तो कुणाकडूनही वसूल करणारे धार्मिक आणि निधर्मी दोघे आहेत.

खरे तर 'हिंसेला धर्म जबाबदार की निधर्मीपणा' हा वादही त्याच रोगाची सौम्य लागण आहे. इसिसचा हिशेब मला विचारला जातो. स्टालिनचा हिशेब गावातल्या एखाद्या विवेकवादी शिक्षकाला विचारला जातो. आम्ही दोघेही तेव्हा तिथे नव्हतो.

सरकारही चुकते

हा नियम जमावालाच लावून चालणार नाही. नागपुरात दंगलीच्या मुख्य आरोपीचे घर २४ मार्च २०२५ ला महापालिकेने पाडले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली होती. नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली, तोवर घर पडलेले होते. सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने १३ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट सांगितले आहे की कुणी आरोपी आहे, एवढ्यावरून त्याचे घर पाडता येत नाही. कारण सरळ आहे. आरोप एकावर असतो, घरात आई असते, बायको असते, शाळेत जाणारी मुले असतात. बांधकाम बेकायदा असेल तर नोटीस द्या, मुदत द्या, नियमाने पाडा. पण दंगलीनंतर आठ दिवसांत बुलडोझर आला की लोकांना दिसते ते शासन नाही, सूड दिसतो.

दंगलखोराला कडक शिक्षा नको, असे कुणी समजू नये. उलट ती झालीच पाहिजे, नावानिशी झाली पाहिजे आणि लवकर झाली पाहिजे. कारण ज्या गुन्ह्याला शिक्षा होत नाही, तो गुन्हा जमातीच्या खात्यावर राहतो. मुंबईच्या स्फोटांत टाडा न्यायालयाने १०० जणांना दोषी ठरवले. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाचे कृत्य वेगळे. तो हिशेब बऱ्याच अंशी मांडला गेला. त्याआधीच्या दंगलींवर न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला, पण बहुतेक प्रकरणांत कुणालाच शिक्षा झाली नाही. म्हणून तिथे 'कुणी केले' याचे उत्तर आजही व्यक्तीच्या नावाने मिळत नाही, धर्माच्या नावाने मिळते. न्यायालय जेव्हा नाव लिहीत नाही, तेव्हा लोक आडनाव वाचतात.

ज्यांनी दगड उचलला नाही

हे शक्य आहे का, असा प्रश्न येईल. शक्य आहे, कारण झालेले आहे.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. १९४८ ला हाच मुलूख एका खुनाने पेटला होता. या वेळी काय झाले? अंनिसच्या कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, दर महिन्याला प्रश्न विचारले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. कुणाच्या घरावर दगड गेला नाही. १० मे २०२४ ला निकाल लागला, गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. निकालाबद्दल त्यांचे समाधान-असमाधान असेल, पण अकरा वर्षे हिशेब योग्य खिडकीवरच मागितला गेला. ही माणसे बहुतांशी देवाधर्मापासून दूर असलेली.

आता देवाचे नाव घेणाऱ्याकडे पाहू. मार्च २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या आसनसोलला दंगल झाली. तिथले इमाम मौलाना इमदादुल्लाह रशीदी यांचा सोळा वर्षांचा मुलगा मारला गेला. जनाजाला हजारो संतप्त लोक जमले. मौलानांनी त्यांना सांगितले की कुणीही बदला घेऊ नये, कुणी तसे केले तर मी हे शहर सोडून जाईन. शहर शांत राहिले. त्यांना ते बळ त्यांच्या ईमानने दिले. दाभोलकरांच्या माणसांना विवेकवादाने दिले. वाटा दोन, कृती एक.

आणि हे केवळ थोर माणसांचे काम नाही, त्याची व्यवस्थाही करता येते. भिवंडी १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर पेटली होती. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, बरोबर त्या भागाचा पोलीस. भांडण लहान असतानाच ते कुणाकुणाचे आहे हे नावानिशी ठरवायचे आणि तिथेच मिटवायचे. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. माणसे तीच, धर्म तेच. अफवेला विचारणारे कुणीतरी होते, एवढाच फरक.

आपल्याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत चाळीसहून अधिक वर्षे गणपती मशिदीत बसतो. पावसात मूर्ती भिजू नये म्हणून सुरू झालेली ही रीत आहे. त्यामागे मोठे तत्त्वज्ञान नाही. पाऊस आहे, जागा आहे, या आत. पण अशा ठिकाणी कुठल्या मोबाइलवर काही आले, तर लोक आधी एकमेकांचे दार वाजवून विचारतील, असे मला वाटते. साझी संस्कृती कामाची ठरते ती अशी, विचारायला हक्काचे दार म्हणून. उरुसाच्या स्वागत फलकावर तिचा उपयोग कमी.

तेव्हा पाडवा-ईदच्या दिवसांत शांतता समितीच्या बैठकीत भाषणे कमी आणि दोन कामे जास्त व्हावीत. पहिले, प्रत्येक वॉर्डात दोन्ही समाजांची चार-चार नावे आणि फोन नंबर पोलिसांकडे आणि एकमेकांकडे असावेत. मोबाइलवर काही आले की पुढे पाठवण्याआधी त्यांना विचारावे, हे खरे का आणि हे केले कुणी? दुसरे, काही घडलेच तर आपापल्या समाजाने दोषी मुलाचे नाव पोलिसांना द्यावे, लपवू नये. आपल्या मुलाला लपवणारी जमात त्याचा गुन्हा स्वतःच्या नावावर लिहून घेते. हे मी मशिदीत येणाऱ्या बुजुर्गांना म्हणतो आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही म्हणतो.

वाल्याच्या बायकोने नवऱ्याला सोडले नव्हते. तिने त्याच्या पापात वाटा नाकारला, एवढेच. औरंगजेबाने जे केले ते औरंगजेबाचे, अफझलखानाने केले ते त्याचे, आणि कुठल्या मुलाने रात्री दोन वाजता मोबाइलवर टाकले ते त्या मुलाचे. त्यात वाटा घ्यायला मी नाही म्हणतो. शेजाऱ्यानेही त्याच्या बाजूच्या दगडात वाटा घ्यायला नाही म्हणावे, इतकेच मागणे आहे. ईदच्या शिरखुर्म्याची वाटी आणि पाडव्याची साखरगाठ, एवढी देवाणघेवाण मात्र चालू राहू द्या. तिचा हिशेब कुणी ठेवत नाही.